प्रायोगिक संगीताची बातमी होते, पण ते ऐकवले किती जाते?

प्रायोगिक संगीताला, म्हणजे रूढ चौकट सोडून कोणत्याही आवाजांतून आणि नव्या पद्धतींनी घडवलेल्या संगीताला, मुख्य प्रवाहातील माध्यमांत जागा मिळाली तर त्याचे श्रोते वाढतात, की त्याच्या विक्षिप्तपणाचीच तेवढी चर्चा होते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते प्रसिद्धी किती मिळाली यापेक्षा ती कशाला मिळाली, हे आधी पाहायला हवे. या संगीताबद्दल लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माध्यमांपेक्षा, ज्यांनी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवले किंवा ते घडवण्यासाठी यंत्रे आणि वेळ दिला, त्या माध्यमांचे ऋण कितीतरी मोठे आहे.

सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकन संगीतकार जॉन केज यांचे. त्यांची ‘चार मिनिटे तेहतीस सेकंद’ ही रचना २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकजवळ पियानोवादक डेव्हिड ट्यूडर यांनी प्रथम सादर केली. रचनेच्या तीन भागांपैकी प्रत्येकाच्या आरंभी ट्यूडर पियानोचे झाकण लावत आणि शेवटी उघडत. मधल्या वेळात त्यांनी एकही स्वर वाजवला नाही. ‘काहीही न वाजवणारा संगीतकार’ ही बातमी त्यानंतर जगभर पोहोचली आणि आजही पुन्हा पुन्हा छापली जाते. मात्र त्या सभागृहाची मागची बाजू झाडीकडे उघडी होती, पहिल्या भागात वारा ऐकू आला, दुसऱ्या भागात छपरावर पाऊस वाजू लागला आणि तिसऱ्या भागात प्रेक्षकांचीच कुजबूज, म्हणजेच ऐकण्यासारखे तिथे भरपूर होते, हे त्या बातमीत सहसा येत नाही. नाव घरोघरी गेले, ऐकण्याचा विचार मागे राहिला.

तरीही सगळा दोष माध्यमांच्या माथी मारणे मला पटत नाही, आणि त्याचे कारणही केज यांच्याच आयुष्यात सापडते. १९६० मध्ये अमेरिकेतील ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी ‘वॉटर वॉक’ ही सुमारे तीन मिनिटांची रचना सादर केली. न्हाणीचा टब, प्रेशर कुकर, बर्फाचे तुकडे, झारी, गुलाबांची फुलदाणी, पियानो आणि पाच रेडिओ अशा साहित्यात ते हातातील स्टॉपवॉच पाहत फिरत होते आणि प्रत्येक कृती ठरलेल्या सेकंदालाच करत होते. रेडिओंच्या वायरी कोणत्या कामगार संघटनेने जोडायच्या यावरून वाद झाल्याने रेडिओ लावताच आले नाहीत. तेव्हा जिथे रेडिओ सुरू करायचे तिथे केज यांनी त्यांच्यावर चापट्या मारल्या आणि जिथे बंद करायचे तिथे ते टेबलावरून खाली ढकलून दिले. प्रेक्षक मनमुराद हसले. लोक हसतील याची कल्पना सूत्रसंचालक गॅरी मूर यांनी त्यांना आधीच दिली होती, आणि अश्रूंपेक्षा हसू बरे, अशा अर्थाचे उत्तर केज यांनी शांतपणे दिले होते. मला महत्त्वाची वाटते ती मूर यांची कृती : पाहुण्याचे गुपित ओळखण्याचा खेळ हा त्या कार्यक्रमाचा गाभा होता, आणि रचना पूर्ण सादर व्हावी म्हणून तो खेळच त्यांनी त्या दिवशी वगळला. हसणाऱ्या लोकांनीही तीन मिनिटे सलग ऐकले. माध्यमांकडून याहून अधिक अपेक्षा मी करत नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट ब्रिटिश संगीतकार डेलिया डर्बीशायर यांची. बीबीसीने १९५८ मध्ये ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ सुरू केले, ते श्रुतिनाट्ये आणि इतर कार्यक्रमांसाठी ध्वनी तयार करायला. तिथे १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा मालिकेचे रॉन ग्रेनर यांनी लिहिलेले शीर्षकसंगीत डर्बीशायर यांनी ध्वनिफितीवर घडवले. छेडलेल्या तारेचा एक आवाज आणि विद्युत आंदोलकांचे (विजेवर स्वर निर्माण करणाऱ्या उपकरणांचे) स्वर वेगवेगळ्या गतीने मुद्रित करायचे, प्रत्येक स्वराच्या लांबीइतकी फीत कापायची आणि ते तुकडे क्रमाने जोडायचे, असे ते काम होते. ज्यांनी प्रायोगिक संगीत हा शब्दही ऐकला नव्हता, अशा घराघरांतून ते दर आठवड्याला वाजले आणि लहान मुलांनाही पाठ झाले. पण श्रेय विभागाला मिळाले, व्यक्तीला नाही. ग्रेनर यांनी आग्रह धरूनही सहसंगीतकार म्हणून डर्बीशायर यांची नोंद झाली नाही. मालिकेच्या पडद्यावर त्यांचे नाव उमटले ते २०१३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर बारा वर्षांनी. हा अन्याय मला आजही खुपतो. तरीसुद्धा हे काम नभोवाणीच्या आश्रयाविना झालेच नसते, हेही तितकेच खरे. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी आगगाडीच्या आवाजांतून १९४८ मध्ये जी रचना केली, तीही फ्रेंच नभोवाणीच्या यंत्रांवर.

व्यापारी यशाचे उदाहरण हवे असेल, तर अमेरिकन कलावंत लॉरी अँडरसन यांची आठ मिनिटांहून लांब ‘ओ सुपरमॅन’ ही रचना घ्या. निवेदक जॉन पील यांनी बीबीसीच्या रेडिओवर ती लावली आणि १९८१ मध्ये ती ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. असे क्वचितच घडते, हे मान्य.

आपल्याकडचे उदाहरण उपेक्षेचे आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये त्याच डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझर (विजेच्या साहाय्याने आवाज घडवणारे वाद्य) असलेला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये केज यांना भारतीय संगीत शिकवणाऱ्या गीता साराभाई यांच्यासह आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तिथे काम केले. स्टुडिओ थोड्याच वर्षांत थांबला आणि फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. कलावंत-संशोधक पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्यानंतर २०२० मध्ये बीबीसीच्या रेडिओवर त्या फितींविषयी माहितीपर कार्यक्रम झाला आणि २०२३ मध्ये निवडक रचनांचा संच प्रसिद्ध झाला. त्या काळी एखाद्या नभोवाणी केंद्राने त्यांतील चार रचना रात्री उशिरा का होईना, नेमाने ऐकवल्या असत्या, तर पुढच्या पिढीतील संगीतकारांना आपल्या आधी इथे काय झाले आहे ते कळले असते. दर आठवड्याला अर्धा तास, रचनाकाराच्या नावासह आणि मध्ये न तोडता, एवढीच जागा मी आजही मागेन; वर्षातून एकदा छापून येणाऱ्या पानभर कौतुकापेक्षा तिचा उपयोग जास्त आहे.