नकली पिस्तुलाचा ट्रिगर दाबल्यावर दिवा लागावा आणि ट्रिगर आपोआप परत यावा, यासाठी काय करावे?

ट्रिगर ३ मिमी जाडीच्या पोलादी पिनेवर फिरता ठेवावा आणि त्याचे भोक किंचित मोठे, साधारण ३.२ मिमी, घ्यावे, म्हणजे तो अडकणार नाही आणि फारसा डुगडुगणारही नाही. परत येण्यासाठी बॉलपेनमधली स्प्रिंग पुरते. मात्र तिची दोन्ही टोके बसायला उथळ खाच हवी, नाहीतर ती दाबताना वाकून निसटते. खरी काळजी घ्यावी ती मायक्रोस्विचची, म्हणजे ट्रिगरने दाबला जाऊन दिवा लावणाऱ्या छोट्या स्विचची: बोटाचा सारा जोर त्याच्या नाजूक पात्यावर येऊ नये म्हणून ट्रिगरला थांबवणारा अडथळा सांगाड्यातच घडवावा आणि त्या अडथळ्याला टेकण्याच्या जरासे आधी स्विच लागेल अशी त्याची जागा ठरवावी. दिवा म्हणून लावलेल्या एलईडीला रोधक (वीजप्रवाह मर्यादित ठेवणारा रेझिस्टर) जोडावाच. पिस्तूल नकली असल्याची खूण असलेला नळीच्या टोकाचा भडक रंग मात्र कृपया झाकू नये.