भाकरी मोडता येईना

"मॅडम, पोरगं मरायला बघतंय का?" फेब्रुवारीत माझ्याकडं समुपदेशनाला आलेली एक आई खुर्चीत नीट टेकायच्या आतच हे विचारून रडायला लागली. कोल्हापुरात पेठेतलं घर, मुलगा नववीत. त्याला ओंकार म्हणू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तो स्वतःला इजा करतोय हे तिला कळलं ते भाकरीमुळं. उजव्या हातानं भाकरी मोडता येईना, म्हणून तो चार दिवस चमच्यानं नुसता आमटी-भात खात होता. बोटांचे सांधे सुजलेले, बाहीआड दंडावर जुन्या-नव्या खुणा. वडील म्हणाले, "रागीट हाय. आम्ही बी त्या वयात भिंतीवर हात आपटलेत." आईनं अंबाबाईची शपथ घातली होती. तेव्हापासून तो खुणा जास्तच लपवायला लागला.

ओंकारला एकट्याला बसवून सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं, यानंच मुलं बोलती होतात. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मरायचं न्हाई. आत कायच वाटत न्हाई. दुखलं की जरा वाटतं."

स्वतःला इजा करणं म्हणजे नैराश्यच, असं नसतं. जे सोसवत नाही ते सोसायची ती धडपड असते. सुटका घटकाभराची, मागून लाज येते आणि पुन्हा तिकडंच ढकलते. मुळाशी नैराश्य असेल, चिंता असेल, घरातली भांडणं असतील. त्याच महिन्यात आलेल्या एका मुलीला नैराश्य नव्हतं, वर्गातल्या छळानं ती पिचली होती. मात्र मरायचं नाही म्हणतो म्हणून निर्धास्त राहू नका. अशा मुलांना पुढं आत्महत्येचा धोका जास्त असतो, म्हणून मी तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते.

ओंकारच्या बाबतीत मला खटकलं ते फुटबॉल. पेठेतला पोरगा, शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच, आणि हा घरात पडून! झोप उडालेली, शब्दाला शब्द वाढवणं रोजचं, हे सगळं दोन महिने चाललेलं. या वयात नैराश्य दर वेळी रडत येत नाही, चिडचिडीच्या रूपातही येतं. दोन आठवड्यांच्या वर असं टिकलं तर वाट बघू नये. मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. त्यांनी नैराश्याचं निदान करून औषध सुरू केलं, माझ्याकडं दर आठवड्याला बोलणं.

घरच्यांना सांगितलं: शपथा नकोत, रोज अंग तपासणं नको, घरातली औषधं कुलपात ठेवा. मरणाची भाषा आली तर त्याला एकटं सोडू नका, थेट दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

त्यानंतर दोनदा पुन्हा घडलं. दुसऱ्या वेळी त्यानं स्वतः आईला उठवलं. ती काही बोलली नाही, हळद लावत शेजारी बसून राहिली.