हिमाचलात ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग सुरू करायचंय, मित्र म्हणतात स्पिनर लाव की झालं. खरंच फ्लायची गरज आहे का? आणि रॉड कुठला घेऊ?

गरज आहे. फ्लाय म्हणजे हुकवर पिसं-लोकर बांधून केलेला नकली किडा, स्पिनर म्हणजे पाण्यात गरगर फिरणारा चकचकीत पत्रा. तुमच्या त्या मित्रांनी डोंगरातल्या नाल्यात कधी फ्लाय टाकलेली नाही हे मी त्यांना न भेटता सांगतो, कारण माझा मावसभाऊ हेच वाक्य मला वर्षानुवर्षं ऐकवतोय, प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत. दादा रत्नागिरीच्या खाडीवर गरवत मोठा झालेला माणूस, तांबोशी काढावी तर त्याने, हात आहेच त्याचा, त्यात वादच नाही. पण त्याचं म्हणणं असं की फ्लाय म्हणजे साहेबांचं खूळ, इंग्रजांनी ट्राउट आणली आणि सोबत हा डामडौल आणला, स्पिनर फेका, गुंडाळा, मासा घ्या, विषय संपला.

इंग्रजांनी आणली हे खरंच आहे. १९०० मध्ये काश्मीरला आलेली अंडी जगली, तिथून १९०९ च्या सुमारास कुल्लूत नेली, आणि आज तिथल्या बियास, सैंज, तीर्थन या नद्यांमध्ये जी ब्राउन ट्राउट दिसते ती त्यांचीच पिलावळ. पण मासा कुणी आणला याचा आणि तो काय खातो याचा काय संबंध? सगळा मुद्दा खाण्याचा आहे.

एका एप्रिलमध्ये मी दादाला सोबत घेऊन तीर्थनला गेलो. गुशैणीला फलाचन नाला नदीला मिळतो, तिथून आम्ही वर चढत गेलो. सोबत तिथलाच एक पोरगा होता, नदीकाठी वाढलेला. दादा तडक पाण्यात उतरला, गुडघ्यापर्यंत, आणि पलीकडच्या काठाला स्पिनर मारायला लागला. मी त्याच्या मागे निघालो तर पोराने मला हातानेच थांबवलं, म्हणाला, "भाईजी, मछली तो यहीं थी, जहाँ वो खड़े हैं." आणि तसंच होतं. काठालगत गुडघाभर पाणी, मोठ्या धोंड्यामागे संथ, बाजूने जोराचा प्रवाह. त्या दोघांच्या मधल्या रेघेवर ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभी असते, फारशी ताकद न लावता, वाहत येईल ते टिपत. म्हणून खालून वर जायचं, तिच्या पाठीमागून. हे खाडीवरच्या माणसाला सुचत नाही कारण तिथे पाणी गढूळ आणि मासा फिरता असतो, दोष त्याचा नाही, पण मग ऐकावं तरी.

पुढच्या कुंडाशी पोराने पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला. खालच्या बाजूला वाळूचे कण जोडून बनवलेल्या बारीक नळ्या चिकटलेल्या, आत कॅडिस या उडत्या किड्याची अळी. शेजारी मेफ्लाय या दुसऱ्या किड्याच्या चपट्या तपकिरी निम्फ, म्हणजे पाण्यातली पिल्लं, मागे तीन शेपट्या, तळहातावर घेतल्या की तिरक्या पळतात. "ये खाती है," एवढंच बोलला. वर्षभर हा मासा मुख्यतः हेच खातो, अशा पाण्यात दोन इंचाचा चकचकीत पत्रा गरगर फिरवत नेणं म्हणजे आहे त्या ट्राउटला पळवून लावणं. हो, एखादी चिडून किंवा भुकेपोटी घेते, पण बाकीच्या त्या कुंडातून गेल्या.

मी डबीतून १६ नंबरची (नंबर मोठा तितका हुक लहान) फेजंट टेल काढली, ही अशा निम्फसारखी दिसणारी फ्लाय. मागे झाडी अगदी खांद्याला लागत होती, दादाचा आवडता मुद्दा हाच की नाल्यात बॅककास्टला, म्हणजे लाइन आधी मागे फेकायला, जागाच नसते मग फ्लाय टाकणार कशी. अशी: फ्लाय हुकच्या वळणाशी दोन बोटांत धरायची, टोक बोटापासून लांब ठेवून, लाइन ताणून रॉडची काडी वाकवायची आणि सोडून द्यायची. बो-अँड-एरो कास्ट म्हणतात, मागे इंचभरही जागा लागत नाही. लाइन जेमतेम रॉडभर बाहेर होती, बाकी सगळा लीडरच, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला बारीक पारदर्शक दोरा. पहिल्यांदा फ्लाय प्रवाहाने ओढली गेली. दुसऱ्यांदा धोंड्याच्या कडेने नीट वाहत आली, आणि लीडर जिथे पाण्यात शिरतो तिथे क्षणभर अडल्यासारखा झाला, मी रॉड उचलला. नऊ-दहा इंचाची असेल, पोट लोण्यासारखं पिवळं, लाल ठिपक्यांना फिकट कडी. हात आधीच ओले केलेले, हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला, पाण्यातच सोडवली आणि गेली.

तेवढ्यात दादालाही लागली, स्पिनरला. वीतभर ट्राउट, ट्रेबल हुकचं, म्हणजे तीन टोकांच्या हुकचं, एक टोक जबड्यात आणि दुसरं कल्ल्यात घुसलेलं. कल्ला फाटलेला मासा सोडून काय करणार, तो सहसा जगत नाही. त्यावर दादाचं उत्तर, "मग खाऊ की." दादा, मासा खाण्याला माझा विरोध नाही, माझ्याइतकी सुरमई तूही खात नसशील. पण थंड नाल्यात ट्राउट हळू वाढते आणि ती वीतभर पोर अजून एकदाही व्यायली नसेल. खायची की सोडायची हे मासा हातात आल्यावर तुला ठरवता आलं पाहिजे, ट्रेबल हुक ते आधीच ठरवून मोकळा होतो. छोट्या नाल्यात ट्रेबलवर सरळ बंदी हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रॉड. चार वेट (वेट म्हणजे रॉडला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा नंबर), साडेसात ते आठ फूट, फार कडक नको, कडक रॉड जवळच्या कास्टला वाकतच नाही. रीलवर पैसे घालवू नका, नाल्यात तिचं काम लाइन गुंडाळून ठेवणं, बस. वाचलेले पैसे लाइनवर घाला, कारण फ्लायला वजन नसतं, लाइनच्या वजनावर ती जाते, लाइन भिकार असेल तर सगळंच भिकार. लीडर साडेसात फूट, त्याच्या टोकाला जोडायचा सगळ्यात बारीक दोरा, म्हणजे टिपेट, ५एक्स जाडीची. फ्लायमध्ये पॅराशूट ॲडम्स, एल्क हेअर कॅडिस, फेजंट टेल, हेअर्स इअर, सगळ्या १४ आणि १६ मध्ये. चाळीस हजारांचा सेट दाखवणारा दुकानदार तुम्हाला लांब कास्टची स्वप्नं विकतोय, डोंगरात वीस-पंचवीस फुटांपलीकडे क्वचितच टाकावं लागतं. जाण्याआधी महिनाभर रोज मैदानात हुकऐवजी लोकरीचा तुकडा बांधून टाका, रविवारी परवानगी असेल अशा तलावात चिलापीवर (तिलापिया). चिलापी फ्लाय छान घेते आणि मासा लागल्यावर हाताला काय कळतं ते तिथेच समजतं.

हो, फ्लायवाले सगळे संत असतात असं नाही, टिपेट नको तितकी बारीक लावून मासा दमवून दमवून मारणारेही बघितलेत. आणि तळकोकणातल्या खाडीत दादाच्या पद्धतीनेच गरवा, तिथे तोच बरोबर, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

पाण्यात उतरताना रबरी चप्पल नको, तळव्याला पकड असलेले बूट हवेत. तीर्थन लारजीला बियासमध्ये जाते, तिथे धरण आहे, त्याच्या खालच्या पात्रात उतरूच नका, जून २०१४ मध्ये अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी तिथेच वाहून गेले. परवाना मत्स्य विभागाकडून आधी काढा, किती आणि केवढे मासे ठेवता येतात ते तिथेच विचारून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी विणीमुळे बंदी असते. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी चढतं, मग पावसाळा, म्हणजे तुमच्या हातात मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. चारच दिवसांची रजा असेल तर ऑक्टोबर धरा, पाणी उतरलेलं असतं.