जर्मनीतील मोझेल नदीकाठची गावे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जर्मन सुनेच्या आडनावाचे कुलचिन्ह एक कंपनी चौकटीत घालून विकते आहे. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. जर्मनीत कुलचिन्ह विशिष्ट घराण्याचे असते, आडनावाचे नसते.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त मोझेलकाठच्या गावात राहतो. वेशीवरच्या फलकावर ८९३ हे साल आहे. गाव तेव्हा वसले का?

उत्तर : नाही. हा गैरसमज इतक्या पत्रांतून येतो की सविस्तर लिहिणे भाग आहे. या भागातल्या अनेक गावांत जमिनी असलेला प्र्युमचा ख्रिस्ती मठ ८८२ आणि ८९२ मध्ये व्हायकिंगांनी लुटला. त्यानंतर कोणत्या गावी किती कुळे आहेत आणि त्यांच्याकडून किती डुकरे, अंडी, वाइन येणे आहे, याची मोजदाद मठाने ८९३ मध्ये करविली. गावाचे नाव त्या यादीत आले, एवढेच ते साल सांगते. ज्याच्याकडून वसुली करायची, ते गाव आधीपासून नांदतेच असणार. मोझेलकाठी वस्ती किती जुनी आहे पाहा : तिथल्याच पीसपोर्ट गावी १९८५ मध्ये द्राक्षे तुडवण्याचे रोमन हौद सापडले, ते चौथ्या शतकातले. शिवाय मठाची मूळ यादी हरवली असून आज कोब्लेन्त्सच्या राज्य दप्तरखान्यात आहे ती त्याच मठाचा माजी मठाधिपती केसारियस याने १२२२ मध्ये केलेली नक्कल, आणि तिच्यात त्याने स्वतःच्या टिपाही घातल्या आहेत. म्हणून तुमच्या गावाचे नाव मूळ मजकुरात आहे की टिपेत, हे आधी पाहावे लागते, कारण टिपेतले नाव तीनशेहून अधिक वर्षांनी अलीकडचे ठरते. पर्यटनपत्रकात ‘स्थापना’ असे बेधडक छापणाऱ्यांनी हे पाहिलेले नसते. तुम्ही मात्र दप्तरखान्यातील अभ्यासकांना पत्र लिहून विचारा.

प्रश्न : गावाला सरपंच आहे, तरी कामे दुसऱ्या गावच्या कचेरीत का होतात?

उत्तर : ऱ्हाइनलांड-फाल्त्स या तुमच्या जर्मन राज्यात लहान गावे आपली परिषद राखून कचेरीचे काम संयुक्त ग्रामसंघाकडे सोपवतात.

प्रश्न : पतीच्या पूर्वजाचा जन्मदाखला फ्रेंचमध्ये आहे आणि तारीख ‘१८ फ्लोरेआल, वर्ष १३’. दाखला खोटा आहे का?

उत्तर : एवढ्यावरून खोटा म्हणता येत नाही. फ्रेंच सैन्याने १७९४ मध्ये ऱ्हाइन नदीचा डावा काठ, म्हणजे मोझेलचा हा मुलूखही, व्यापला आणि १७९८ पासून तिथे जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. तुमची तारीख फ्रेंच क्रांतीच्या पंचांगाप्रमाणे ८ मे १८०५ येते. दाखल्यावरचा ‘मेरी’ हा तेव्हाचा स्थानिक कारभार. १८१५ नंतर इथे आलेल्या प्रशिया या जर्मन राज्याने त्याचीच ‘ब्युर्गरमाइस्टराय’ केली. मात्र ऐकीव वंशावळीत हे नाव चिकटवण्यापूर्वी मूळ नोंदवही जाणकाराकडून तपासून घ्या, आणि १७९८ पूर्वीच्या पिढ्यांसाठी, कुटुंब कॅथलिक असल्यास, ट्रिअरच्या धर्मप्रांताच्या दप्तरखान्याला आजच लिहा.