युरोपातून आलेल्या करारावर सही करण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इंदुरात सात जणांची कंपनी, भंवरकुवा भागातल्या कोचिंग क्लासेससाठी फोनवर बोलणारा बॉट आणि नेदरलँड्सच्या एका स्टाफिंग कंपनीसाठी बायोडेटांची छाननी करणारं सॉफ्टवेअर. त्या कंपनीकडून आता बारा पानी पुरवणी करार आलाय. सरकारी एआय धोरणाचा आपल्यासारख्यांना फायदा की जाच, सरकारी योजनेतल्या जीपीयूसाठी (एआय मॉडेल शिकवायला लागणाऱ्या चिप्स) अर्ज करावा का आणि सही करावी का, असं तुम्ही विचारलंय. मी एकोणीस वर्षं इथेच छोटी कंपनी चालवतोय, आज आम्ही चौदा जण आहोत. सही आत्ता करू नका, एवढं आधी सांगतो आणि मग कारणं.

धोरण आपल्यापर्यंत पोचतं ते क्लायंटच्या करारातून आणि टेंडरच्या अटींतून. राजपत्र आपल्यापैकी किती जण उघडतात? सुपर कॉरिडॉरवरच्या टीसीएस-इन्फोसिसकडे वकिलांचं खातं असतं. आपल्याकडे सीए असतो, तोही जीएसटीच्या तारखांत बुडालेला. त्यामुळे नियम काय म्हणतो यापेक्षा क्लायंटला तो कसा कळला, यावर आपलं काम चालू राहतं किंवा थांबतं.

मला हे मार्च 2024 मध्ये कळलं. 1 मार्चला केंद्राकडून एक सूचनापत्र निघालं. पुरेशी चाचणी न झालेली एआय मॉडेल्स लोकांसाठी खुली करण्याआधी सरकारची परवानगी घ्या, असा त्याचा मथितार्थ होता. आमचं एका खासगी क्लायंटचं चॅटबॉटचं काम तेव्हा शेवटच्या टप्प्यात होतं. त्याने बातमी वाचली आणि फोन केला, "परवानगीचं पत्र दाखवा, मगच पुढचं बिल." 4 मार्चला तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी स्पष्ट केलं, की हे मोठ्या प्लॅटफॉर्मसाठी आहे, स्टार्टअपसाठी नाही. 15 मार्चला सुधारित पत्र आलं आणि परवानगीची अट गेली. आमचं बिल मात्र जूनपर्यंत अडकलं. तीन महिने पगार ओव्हरड्राफ्टमधून केले. ज्या अटीत आम्ही बसतच नव्हतो, तिच्यापायी.

आता तुमचा करार. युरोपीय संघाचा एआय कायदा 1 ऑगस्ट 2024 पासून अमलात आला, टप्प्याटप्प्याने लागू होतोय. सॉफ्टवेअर इंदुरात बनलं तरी त्याचा निकाल युरोपात वापरला जात असेल, तर कायद्याची कक्षा तिथवर पोचते. नोकरभरतीसाठी उमेदवारांची छाननी हे काम त्यात थेट 'उच्च जोखमी'च्या यादीत आहे. त्या वर्गाच्या जबाबदाऱ्यांची मूळ तारीख 2 ऑगस्ट 2026. ती पुढे ढकलण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने नोव्हेंबर 2025 मध्ये मांडला. पण तुमच्या क्लायंटने आत्ताच कागद पाठवलाय, म्हणजे तुमच्यासाठी तारीख आत्ताचीच.

इथे एक गोष्ट नीट बघा, कारण सगळा भार तिच्यावर आहे. सॉफ्टवेअर ज्याच्या नावाने वापरात येतं, तो कायद्याच्या भाषेत प्रोव्हायडर, भले ते त्याने दुसऱ्याकडून बनवून घेतलेलं असो. तुम्ही म्हणता, स्क्रीनवर लोगो त्यांचा आहे. मग बहुतेक करून प्रोव्हायडर ते आहेत. तुम्ही त्यांना लेखी कराराने आवश्यक माहिती, तांत्रिक मदत आणि कागदपत्रं द्यायची असतात. एवढं रास्त आहे, द्याच. पण तुम्ही उद्धृत केलेलं नववं कलम म्हणतं, की कायद्यामुळे होणारा कुठलाही दंड पुरवठादार, म्हणजे तुम्ही, भरून देईल, मर्यादा नाही. उच्च जोखमीच्या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड दीड कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या 3 टक्क्यांपर्यंत जातो. छोट्या उद्योगांसाठी या दोन्हींपैकी कमी ती रक्कम, अशी सवलत आहे. बेहद्द भरपाईचं कलम मान्य केलंत, की ही सवलत तुम्ही स्वतःच्या हाताने सोडलीत. मोठ्या कंपनीचा दंड तुमच्या सात जणांच्या डोक्यावर. त्या जागी लिहा: जबाबदारी मागच्या बारा महिन्यांत मिळालेल्या फीपुरती, आणि तीही आमच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीची. समोरचा घासाघीस करेल, करू द्या. तीनपैकी दोनदा मला हे मिळालंय.

आणि ते 'मुलाखतीच्या व्हिडिओवरून उत्साहाचा स्कोअर' नावाचं नवं फीचर मागतायत ना, त्याला स्वच्छ नाही म्हणा. कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून भावना ओळखणं 2 फेब्रुवारी 2025 पासून तिथे निषिद्ध आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. आयोगाच्या मार्गदर्शिकेत भरतीही त्यात धरली आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी हे काम जपून करायचं आहे, हे मी एका दुपारी शिकलो. आमच्याकडेही अशाच छाननीचं काम होतं. टीममधली एक मुलगी म्हणाली, सर, हा बायोडेटा बघा. तिने एकच बायोडेटा दोनदा टाकला, एकात मधली दोन वर्षं रिकामी ठेवली. शिक्षण तेच, अनुभव तेवढाच. पहिला वरच्या दहात, दुसरा यादीच्या तळाला. बाळंतपणानंतर परत आलेली प्रत्येक बाई आमच्या सॉफ्टवेअरने गुपचूप बाहेर काढली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. त्या दिवसापासून आम्ही दर अपडेटनंतर अशा जोड्या चालवतो आणि निकाल तारखेनिशी एका शीटमध्ये ठेवतो. तुम्हीही ठेवा. क्लायंट विचारेल तेव्हा हीच शीट तुमची बाजू मांडेल.

कोचिंगचा बॉट मला युरोपपेक्षा जास्त काळजीचा वाटतो, कारण त्याकडे तुमचं लक्षच नाही. आपला वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा, नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, मे 2027 मध्ये लागू होतील. या कायद्यात अठराखालचं प्रत्येक जण मूल. नीट-जेईईच्या वर्गात बसणारी निम्मी पोरं तरी तशी असतीलच. त्यांचा डेटा हाताळायचा तर पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते. मुलांबाबतच्या जबाबदाऱ्या चुकल्या तर दंड 200 कोटींपर्यंत, डेटाची सुरक्षा राखली नाही तर 250 कोटींपर्यंत. कायद्याने उत्तरदायी क्लासचा मालक आहे, तुम्ही त्याच्या वतीने डेटा हाताळणारे. पण कॉलची रेकॉर्डिंग्ज तुमच्या सर्व्हरवर आहेत. गळती झाली तर तो पहिला फोन तुम्हालाच करेल. संमती कोण घेणार, रेकॉर्डिंग कधी पुसायचं, गळती झाल्यास कोण कुणाला किती तासांत कळवणार, हे एका पानावर मराठी-हिंदी जे जमेल त्यात लिहून दोघांनी सही करा. बॉटचं पहिलं वाक्य 'मी मशीन बोलतेय' असू द्या.

जीपीयूबद्दल थोडक्यात. इंडियाएआय मिशन या केंद्राच्या योजनेला मार्च 2024 मध्ये 10,372 कोटींची मंजुरी मिळाली. त्यातून सरासरी 65 रुपये ताशी दराने जीपीयू मिळतात आणि स्टार्टअपही अर्ज करू शकतात. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण तुम्ही दुसऱ्यांची तयार मॉडेल्स एपीआयने, म्हणजे इंटरनेटवरून जोडून वापरता, स्वतःचं मॉडेल शिकवत नाही. शेतीची जमीन नसताना ट्रॅक्टरसाठी सबसिडी घेण्यासारखं होईल ते. त्याऐवजी भाषिणी या सरकारी प्लॅटफॉर्मच्या भाषा-सेवा आणि एआयकोश या सरकारी डेटा-भांडारातले डेटासेट चाळा. हिंदी बोलणाऱ्या बॉटला त्यांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त आहे.

सरकारी टेंडर भरायचा विचार असेल, तर आधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाची स्टार्टअप मान्यता घ्या. अनामत रकमेत सूट मिळते, अनुभव-उलाढालीच्या अटीही शिथिल होऊ शकतात. बिल थकलं तर सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी 45 दिवसांची कायदेशीर मुदत आहे. वर्क ऑर्डर हातात येण्याआधी हे कागद तयार ठेवा, नंतर धावपळ होते.

कराराचं उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय म्हणालात. आज त्यांना एवढंच कळवा, की माहिती देण्याची सगळी कलमं मान्य आहेत आणि नवव्या कलमाचा आमचा मसुदा सोमवारी पाठवतो. नावं आणि रकमा झाकून नववं ते अकरावं कलम इथे टाका. रविवारी सकाळी बसून मी मसुदा लिहून देतो.