बँकॉकचा राजवाडा तासाभरात उरकायचा का?

प्रश्न: डिसेंबरात बँकॉकला चाललोय, बरोबर सासूबाई आणि नववीतला मुलगा. ग्रँड पॅलेस आणि त्यातलं पाचूच्या बुद्धाचं देऊळ बघायचंय, पण टूरवाला म्हणतो तासाभरात होतं, फोटो काढा नि निघा. खरंच एवढंच आहे का? कपड्यांचं काय नियम तेही सांगा.

उत्तर: तासाभरात उरकता येतं हो, पण माणशी 500 बात (थाई चलन) मोजून नुसत्या सेल्फी काढायच्या असतील तर बाहेरून भिंत बघितलेली काय वाईट? निदान अडीच-तीन तास ठेवा, आणि सकाळी साडेआठला उघडतं तेव्हाच दारात हजर व्हा, कारण अकरानंतर तिथे ऊन आणि ग्रुप टूर दोन्ही अंगावर येतात आणि सासूबाईंचे हाल होतील. दुपारी साडेतीनला तिकीटविक्री बंद.

1782 मध्ये थायलंडचा राजा पहिला राम (रामायणातला नव्हे) याने राजधानी नदीच्या या काठाला आणली तेव्हा राजवाडा आणि देऊळ एकाच आवारात बांधायला घेतलं. अयुथया या आधीच्या राजधानीतल्या जुन्या राजवाड्यातही असंच राजाचं खासगी देऊळ होतं, भिक्खू न राहणारं. म्हणून वाट फ्रा केवमध्येही (पाचूच्या बुद्धाच्या देवळाचं हे थाई नाव, 'वाट' म्हणजे देऊळ) भिक्खूंचा मठ नाही. राजा आता तिथे राहत नाही, तरी जागा वापरातली आहे. राजा भूमिबोल 2016 मध्ये गेले तेव्हा त्यांचं पार्थिव 2017 च्या अंत्यसंस्कारापर्यंत याच आवारात ठेवलं होतं. त्यामुळे समारंभ असला की काही भाग बंद असतो, आदल्या दिवशी अधिकृत वेबसाइट बघा. पण रस्त्यावर कोणी गोड बोलून 'आज पॅलेस बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो' म्हणाला तर सरळ पुढे चालू लागा, तो टुकटुकने रत्नांच्या दुकानात नेऊन सोडणार. ही फसवणूक तिथे वर्षानुवर्षं चालू आहे आणि अजूनही लोक फसतात!

कपडे: खांदे झाकलेले, पाय घोट्यापर्यंत झाकलेले. शॉर्ट्स, फाटकी जीन्स, स्लीव्हलेस नको. मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर समोरच्या दुकानातली हत्तीछाप पँट घालून फिरावं लागेल (तशी ती आरामदायी असते म्हणा). सासूबाईंची साडी उत्तम.

आता बुद्ध. पाचूचा म्हणतात पण मूर्ती हिरव्या जेडची, साधारण 66 सेंटिमीटर उंच आणि खूप वर ठेवलेली, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, 'एवढीच?' 1434 मध्ये उत्तर थायलंडातल्या चियांग रायला एका मूर्तीवरचा गिलावा उडाला आणि आतून ही निघाली अशी कथा, मग लाम्पांग, चियांग माय, लाओसमधली लुआंग प्रबांग आणि व्हिएंटिआन असं फिरत 1779 मध्ये जनरल चक्रीने ती लढाईनंतर इकडे आणली. तोच पुढे पहिला राम झाला. उन्हाळा, पावसाळा, थंडी असे वर्षातून तीन वेळा राजा तिचा पोशाख बदलतो, तुम्हाला थंडीचा दिसेल. चपला बाहेर, टोपी काढा, आत फोटो बंद, खाली बसताना पाय मूर्तीकडे करू नका.

एजंट जिथून पळवत नेतात ती जागा म्हणजे देवळाभोवतीची ओसरी. तिथे रामाकियनची, म्हणजे थाई रामायणाची, 178 चित्रं आहेत, उत्तरेच्या दारापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बघत जा. सासूबाईंना गोष्ट पाठ असणार, त्यामुळे गाईडही लागणार नाही, फक्त एक इशारा देऊन ठेवा, इथला मारुती ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या लेक सुवण्णमच्छा आडवी येते आणि महाराज तिच्या प्रेमात पडतात! दारावरच्या उंच राक्षसांमध्ये हिरवा तो थोत्सकान, म्हणजे आपला रावण, इथे देवळाची राखण करतो. मुलाला हे आवडेल.

राजवाड्याच्या इमारती मात्र बहुतेक बाहेरूनच बघायच्या. चक्री महाप्रासादला खाली युरोपियन मजले आणि वर थाई शिखरं, 1882 मध्ये पूर्ण झालेला, मला तरी ते मिश्रण डोक्यावर फेटा आणि अंगात सूट घातल्यासारखं वाटतं.

प्रश्न: त्याच दिवशी वाट फो होईल का?

उत्तर: होईल, चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि 46 मीटरचा आडवा बुद्ध बघायला फार वेळ लागत नाही. मधे जेवून घ्या. परतताना सनाम चाय मेट्रो स्टेशन जवळ पडतं.