वॉलपेपर निघाला, खळ राहिली

प्रश्न : हॉलमधल्या एका भिंतीचा जुना वॉलपेपर काढून तिला इमल्शनचे दोन हात दिले. तिसऱ्या दिवशी बारीक भेगा पडून पापुद्रे सुटायला लागले. पेंटर म्हणतो रंग खराब, दुकानदार म्हणतो भिंतीला ओल आहे. खरं काय?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ओल असती तर पापुद्र्यामागे बहुधा पांढरे क्षार किंवा दमट डाग दिसले असते. फक्त वॉलपेपरच्याच जागी पापुद्रे सुटत असतील, तर दोष वॉलपेपर चिकटवलेल्या, भिंतीवर उरलेल्या खळीचा आहे. इमल्शनमधल्या पाण्याने ती फुगते, वाळताना आकसते आणि वरचा रंग ओढून फाडते. खात्री करायची असेल तर पापुद्रा काढून तिथे ओलं बोट चोळा. बुळबुळीत किंवा चिकट लागलं की खळ आहे.

सुटा रंग आधी खरवडून काढा. स्विचबोर्डचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) बंद करा, जमिनीवर प्लास्टिक अंथरा. बादलीत चार लिटर कोमट पाणी आणि एक चमचा भांड्यांचं लिक्विड पुरे. व्हिनेगर घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण आमचं मत विरोधात आहे. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी आणि चुना, दोन्ही आम्लाने झिजतात, आणि खळ मऊ करायला कोमट पाणी समर्थ आहे. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो, आणि घाई तिथेच होते.

एका वेळी तीन फूट बाय तीन फूट एवढीच जागा घ्या. स्प्रेने ओली करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा ओली करा, आणखी पाच मिनिटं थांबा. खळ पेजेसारखी दुधट आणि बुळबुळीत झाली की चार इंची स्क्रॅपर भिंतीला जवळजवळ टेकवून ओढा. त्याचे कोपरे आधी कानसेने घासून गोल करा, नाहीतर पुट्टीत चरे पडतात. भिंतीवर पीओपी किंवा जिप्सम असेल तर पाणी निथळेपर्यंत मारू नका, तो थर मऊ पडून खळीबरोबरच निघतो.

नंतर स्पंजने दोनदा पुसा. पाणी गढूळ झालं की लगेच बदला, नाहीतर तीच खळ पातळ होऊन पुन्हा भिंतीवर बसते. बोटाची परीक्षा परत घ्या. खळ असताना पॉलिश पेपर मारू नका. ती घासताना तापून कागदात भरते.

भिंत वाळायला उन्हाळ्यात दोन दिवस धरा. नाशिकच्या पावसाळ्यात आठवडाही कमी पडतो, तेव्हा हे काम पाऊस संपल्यावर काढलेलं बरं. पूर्ण वाळल्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा, तोंडाला मास्क बांधून. मग खड्ड्यांत पुट्टी आणि त्यावर ऑइल प्रायमर. चुकून राहिलेली खळ वॉटर प्रायमरने पुन्हा जागी होते.

प्रश्न : भाड्याच्या फ्लॅटमध्ये विटांच्या डिझाइनची फोमची शीट चिकटवली होती. तिचा गोंद पाण्याने निघत नाही.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : तो पाण्याने निघणारही नाही. हेअर ड्रायर सहा इंचांवर धरून गोंद गरम करा आणि प्लास्टिकच्या पट्टीने गोळा करत आणा. उरलेला चिकटपणा टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसा. पण ड्रायर बंद करून, भिंत थंड झाल्यावर, खिडक्या उघडून, जवळ गॅस किंवा दिवा नसताना. लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. एनसी थिनर नको, त्याने रंगच विरघळतो. टर्पेंटाइनही आधी कपाटामागच्या कोपऱ्यात लावून पाहा.